शेवंताबाईंच्या नावाचे सहा बाक

सातारा-सांगली फिरून आले म्हटलं की समोरचा विचारतो, पठारावरची फुलं बघितली का? नाही बघितली. कंदी पेढे आणले का? आणले, पण वाटेत मीच संपवले. मग बघितलं तरी काय? तर फरशा बघितल्या. अंगणवाडीच्या खोल्यांमधल्या फरशा, आणि त्यांच्यावर खडूने आखलेल्या रेघा, गोल, चौकटी. त्यांच्यावरून उड्या मारत, रांगत, लंगडी घालत तीन-चार वर्षांची मुलं आकडे आणि अक्षरं शिकतात. हे ज्यांना थट्टा वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितेय. ज्यांना वाटत नाही त्यांनीही वाचावं, कारण या प्रवासात सगळ्यात मोठी चूक मीच केली.

मी जळगावची. आमचा पाच-सहा जणांचा गट आहे आणि आमचं एक पत्रक आहे, 'बसवू नका!' नावाचं. ते मी लिहिलंय. म्हणणं एवढंच: लहान मूल अंगाने शिकतं. त्याला हाताची घडी घालून बसवायचं, तोंडावर बोट ठेवायला लावायचं आणि वर त्याला शिस्त म्हणायचं, हे बंद करा. हे सांगत आम्ही गावोगाव हिंडतो. या वेळी वाट्याला सातारा आणि सांगली आलं. पिशवीत दोन ड्रेस, एक स्वेटर, बाकी सगळी पत्रकं.

मेढा

साताऱ्याहून सकाळच्या एसटीने मेढ्याला उतरले तेव्हा जानेवारीतलं धुकं डोंगरावरून निघालं नव्हतं. आमच्याकडे या दिवसांतही दुपारी डोकं तापतं. इथे माझे दात वाजत होते. मेढ्याच्या वर, चढाला एका वाडीत रंजनाताई अंगणवाडी चालवतात. खोलीपर्यंत जायला चौदा दगडी पायऱ्या आहेत आणि वर्ग भरला होता तो खोलीत नाही, पायऱ्यांवर.

मुलं एकेक पायरी चढत आकडा म्हणत होती. एक मुलगी सातव्या पायरीवर अडकली. पुढचा आकडा येईना. रंजनाताईंनी सांगितलं नाही. म्हणाल्या, "एक पायरी खाली जा, परत चढ." ती खाली गेली, परत आली, पुढची पायरी चढली. पाय दगडाला टेकला आणि तोंडातून "आठ!" निघाला. तो आठ तिने इतक्या जोरात म्हटला की खालच्या गोठ्यातली म्हैस वळून बघायला लागली.

मी मुद्दाम विचारलं, "हे फळ्यावर शिकवता येत नाही का?"

"येतं की. पन फळ्याकडं बघून यांची मान दुखती आन वरडून वरडून माझा घसा बसतो." त्या हसल्या. "पायऱ्या फुकटच्या हायत ताई. डोंगरात ऱ्हायचं तर एवढा तरी फायदा नको?"

मग बेडूकउड्या झाल्या. प्रचारकाने नुसतं बघत उभं राहू नये म्हणून मीही खडूच्या गोलात उडी मारली आणि सरळ बसले ती बसलेच. मुलांना त्या दिवसाचा सगळ्यात मोठा आनंद मी दिला.

दुपारी रंजनाताईंच्या घरी नाचणीची भाकरी आणि घेवड्याची आमटी होती. मी आपलं सहज म्हणाले, आमच्याकडे पाहुण्याला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी करतात. त्यांच्या सासूबाईंनी मान वर केली. "म्हंजी आमची ग्वाड लागली न्हाई व्हय?" आणि शिक्षा म्हणून आणखी एक भाकरी ताटात पडली. अशा शिक्षा मिळणार असतील तर मी जन्मभर चुकीचं बोलेन.

कुंडलच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी कऱ्हाडवरून खाली उतरले आणि थंडी, धुकं, डोंगर सगळं मागे राहिलं. दोन्ही बाजूंना ऊस, रस्त्यावर ऊस, पुढे ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आणि त्यावर छाती हादरेल एवढ्या आवाजात गाणी. कुंडलच्या अलीकडे एका गावात मी उतरले. तिथल्या एका खासगी बालवाडीने "या, बघा" म्हणून बोलावलं होतं.

बघितलं. भिंतींवर रंगीत चित्रं, मुलांच्या गळ्यात टाय, आणि साडेतीन वर्षांची मुलं बाकांवर ओळीने बसून वहीत एकच अक्षर पानभर गिरवत होती. पुढच्या बाकावर एक मुलगी होती. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते, म्हणून ते हलत होते. बाई आल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी तिचे गुडघे धरून ते पाय थांबवले. रागाने नाही, प्रेमाने. घरात पंखा उगीच चालू राहिला तर बंद करावा, तसे.

माझा तोल गेला. मी वर्गातच बोलायला लागले, पत्रकातली वाक्यं पत्रकापेक्षा मोठ्या आवाजात. संस्थेच्या सरांनी मला चहासुद्धा न देता फाटकापर्यंत पोचवलं. "मॅडम, पालकांना हेच पायजे. तुमी आदी त्यांना जाऊन सांगा," असं म्हणून त्यांनी फाटकाला आतून कडी घातली.

कडेगावजवळ, गुरुवार

कडेगावहून पायी तासाभरात पोचता येईल असं ते गाव आहे. नाव देत नाही, का ते पुढे कळेल. इथल्या अंगणवाडीच्या शोभाताईंचं काम आमच्या गटात सगळ्यांनी ऐकलेलं. अकरा वर्षं त्या मुलांना नाचवत, पळवत, रांगवत शिकवतायत. तिथली मुलं पहिलीत गेली की गुरुजी वेगळी ओळखतात, असं गावातली माणसंच सांगतात. सांगताना जरा कुरकुरतातही, कारण हीच मुलं वर्गात बसत नाहीत.

खोली लहान. आणि त्या लहान खोलीत सहा लांबलचक बाक.

"ही बाकडी कुठून आली?" मी आत शिरताच विचारलं. माझा आवाज कुंडलहूनच तापून आला होता.

शोभाताईंनी हळू बोला अशी खूण केली. बाक सुभेदार आबांनी दिले होते. आबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मुलगाही सरहद्दीवर. या गावात घरटी एक माणूस फौजेत आहे. तिथे आबांचा शब्द म्हणजे हुकूम. आईच्या वर्षश्राद्धाला त्यांनी जेवणावळ न घालता अंगणवाडीला बाक दिले. प्रत्येक फळीवर मधोमध, लाल रंगात, ठसठशीत: 'कै. शेवंताबाई यांच्या स्मरणार्थ'.

"न्हाई कसं म्हनायचं ताई? येवढ्या मायेनं दिलं. पन मांडली तर पोरांना हालाया जागा न्हाई. मंग म्या ही आयडिया केली."

आयडिया अशी. सहा बाक टोकाला टोक लावून खोलीच्या कडेने मांडायचे, तो पूल. खाली निळी साडी पसरायची, ती नदी. पुलावर लांब सतरंजीची घडी अंथरायची. मूल पुलावरून चालणार, शोभाताई किंवा मदतनीस बाई हात धरणार, आणि प्रत्येक पावलाला एक शब्द: मगर, मासा, मका, मडकं. ज्याला शब्द सुचला नाही त्याने नदीत उतरायचं आणि पोहत, म्हणजे पोटावर सरकत, परत पहिल्यापासून. बसायच्या बाकांवर मुलं चालत होती! मला एवढा आनंद झाला की मी फोन काढला.

फोनमध्ये बाक दिसेनात. नुसती सतरंजी दिसे.

"ताई, ती सतरंजी काढा ना. बाक दिसले पाहिजेत, त्याशिवाय लोकांना मुद्दा कळणार नाही."

शोभाताई घुटमळल्या. "ऱ्हाऊ द्या की. पाय गार पडत्यात पोरांचं."

"दोन मिनिटं फक्त."

त्या पाहुण्याला नाही म्हणू शकल्या नाहीत. सतरंजी निघाली. मी चित्रण केलं, वर 'बाक बसायला नसतात!' असं लिहिलं आणि आमच्या गटाच्या पानावर टाकून दिलं. मग मदतनीस बाईंच्या हातची गरम लापशी मुलांच्या पंगतीत बसून खाल्ली. सतरंजी थंडीसाठी नव्हती, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

शुक्रवार

सकाळी अंगणवाडीत बावीसपैकी सहा मुलं होती. शोभाताई दारातच उभ्या. डोळे सुजलेले.

चित्रण फिरत फिरत सरहद्दीवर गेलं होतं. आबांच्या मुलाने तिथून फोन केला: "आबा, आज्जीच्या नावावर पोरं नाचत्यात." गावात बातमी पोचायला त्यानंतर अर्धा तासही लागला नाही. एकदा हे झाल्यावर जुन्या तक्रारीही वर आल्या. हिच्याकडं पोरं नुस्ती उड्या मारत्यात. एबीसीडी येत न्हाई. पलीकडच्या गावात बघा, पोरं टाय घालून बसत्यात. गुरुवारी रात्रीपर्यंत अर्जही तयार झाला होता. 'सदर सेविका मुलांना शिकवत नाहीत, नुसत्या नाचवतात, व दिवंगतांचा अवमान करतात. तरी सेविका बदलावी.' पहिली सही सुभेदार आबांची. सोमवारी सुपरवायझर मॅडम भेटीला येणार होत्या, तेव्हा तो त्यांच्या हातात पडणार होता.

"अकरा वर्सं मी त्या नावावर कुनाचा पाय पडू दिला न्हाई," शोभाताई म्हणाल्या. बाक सहा महिन्यांपूर्वीचे, पण रागात हिशेब कोण बघतो. "सतरंजी कशापाय टाकत हुते मी? सांगा की. येवढं शिकलेलं मानूस तुमी."

मी म्हणाले, आपण लढू. पालकांची सभा घेऊ. मी बोलते.

"नगं! तुमी बोलू नगा!" त्या एवढ्या जोरात बोलल्या की आतली सहा मुलं गप्प झाली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमी काय, उद्या गाडीत बसशीला. मला हितंच ऱ्हायाचं हाय. ही नोकरी गेली तर गेली, पन माज्या मागं जी ईल ती पयल्या दिवशी ही बाकडी मांडंल आन पोरांना बशिवंल. ते मला बघवायचं न्हाई."

कडेगावहून परतीचं तिकीट मी काढलेलं नव्हतं, तेवढं बरं. मी राहिले.

शनिवार

शोभाताई आबांकडे माफी मागायला निघाल्या. मी हट्टाने सोबत गेले. कबूल केलं होतं की तोंड उघडणार नाही.

आबा सोप्यात खुर्चीवर ताठ बसलेले. मिशी, पांढरी बंडी, पायात मोजे. मी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "सतरंजी मी काढायला लावली. ताईंची चूक नाही."

"बसा," ते म्हणाले. आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. आमचं पत्रक. मी ते बुधवारी कडेगावच्या स्टँडवर वाटलं होतं. चष्मा लावून त्यांनी बोट ठेवून वाचलं. "'तीन वर्षांच्या मुलाला बाकावर बसवणं हा गुन्हा आहे.' तुमीच लिवलंय?"

"हो."

"म्हंजी म्या आईच्या नावानं गुन्हा केला."

  कागदावर ते वाक्य लिहिताना माझ्यासमोर संस्था होत्या, फी घेणारे सर होते. आईच्या आठवणीने बाक देणारा माणूस तेव्हा माझ्या डोक्यात कुठेच नव्हता.

"रंगरूट बी आदी उभं ऱ्हायाला शिकतं," आबा म्हणाले. "डिसिप्लिन न्हाई तर काय न्हाई. बसायचं शिकू द्या पोरांना. आन त्या नावावर पाय? आवं, आमी आईच्या पायावर डोस्कं ठेवत हुतो."

शोभाताई पदराचं टोक पिळत उभ्या. बोलणं संपलंच होतं म्हणा.

तेवढ्यात परसातून काकूंची, म्हणजे आबांच्या बायकोची हाक आली. "शोभे, जरा तांब्या दे गं हिकडं, माजे हात तेलाचे हायत." त्यांची लेक बाळंतपणाला आली होती आणि परसात उन्हात बाळाची अंघोळ चालली होती. आम्ही दोघी गेलो. मागून आबाही दारापर्यंत आले, नातवाचा आवाज ऐकून.

काकू पाटावर बसल्या होत्या, दोन्ही पाय पुढे पसरून, आणि त्या पायांवर दीड महिन्याचं बाळ उताणं. तेल जिरलं होतं. त्यांनी बाळाचा उजवा हात धरला, डावा पाय धरला, आणि दोन्ही एकमेकांना भेटवले. मग डावा हात, उजवा पाय. बाळ आधी कुरकुरलं, मग त्याला मजा वाटायला लागली.

"काकू, ह्येच तर!" शोभाताईंच्या तोंडून निघून गेलं. "उजवा हात डाव्या गुडघ्याला. रोज सकाळी वर्गात घेते मी ह्ये पोरांकडनं. मंगच कुटं त्यांच्या बोटात खडू धरायचा जीव येतो."

"मला आत्याबाईंनी शिकवलं," काकू म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे सासूबाई, म्हणजे शेवंताबाई. "निम्मं गाव त्यांच्या पायावर न्हालंय. तूबी न्हालीयास शोभे. बाळंतीन आली की बोलावनं यायचंच. आशा पाय पसरून बसायच्या आन पोरगं पायावर घ्यायच्या. थोरली पोरं तर त्यांच्या मांडीवर, पोटावर पाय देऊन उभी ऱ्हायची. म्हनायच्या, लाथा झाडू द्या गं, लाथा झाडत न्हाई त्ये पोरगं चालायचं कवा?"

बाळावर पाणी पडलं. ते किंचाळलं. काकूंनी न वळता, दाराकडे न बघता, पुढचं वाक्य टाकलं: "आन तुमीबी त्यांच्या पोटावर पाय दिऊनच उभं ऱ्हायलासा की. आता नावाला पाय लागला तर एवढं?"

मला बोलायचं होतं. किती बोलायचं होतं! शोभाताईंनी माझा दंड असा चिमटला की वळ दोन दिवस होता. आबा चपला घालून उसाकडे निघून गेले.

काकूंनी आम्हाला जेवायला थांबवून घेतलं. ज्वारीची भाकरी, अख्खा मसूर आणि मिरचीचा खरडा. आमच्याकडची शेवभाजी तिखट असते असं मी आजवर समजत होते. खरड्याने माझा तो गैरसमज आणि पत्रकाचा माज दोन्ही एकदमच उतरवला. डोळ्यांतून पाणी यायला कारण मिळालं, तेही बरंच झालं.

रविवार आमच्या कानावर काही न येता गेला. शोभाताईंनी अंगणवाडी स्वच्छ केली. सामान बांधायचं झालं तर कुठली खेळणी स्वतःची आणि कुठली सरकारची, ते वेगळं करून ठेवलं. स्वतःची खूपच जास्त निघाली.

सोमवार

मुलं अकरा आली. शोभाताईंनी सतरंजी अंथरून पूल मांडला. "शेवटचा आसंल तर आसू दे." साडेदहाला सुपरवायझर मॅडम आल्या. त्यांच्या पाठोपाठ आबा, कडक इस्त्रीच्या शर्टात, आणि त्यांच्या मागे सुतार.

आबांनी खिशातून मेजरिंग टेप काढला आणि कोणाशी न बोलता बाकाची उंची मोजली.

"दीड फूट," ते सुताराला म्हणाले. "हितनं पोरगं पडलं तर डोस्कं फुटंल. ट्रेनिंगला आमाला बी आदी खालच्या फळीवरनं चालवत्यात, मंग वरच्या. खुरं काप. सहा इंच ठेव."

"आबा, थांबा," मॅडम म्हणाल्या. "हे बाक रजिस्टरला चढलेत. देणगीदाराची लेखी संमती असल्याशिवाय हात लावता येत नाही. आणि तुमच्या गावचा एक अर्ज येणार आहे असं मला फोनवर..."

"हाय. आनलाय."

आबांनी कागद पुढे केला. मी तो अर्ज ओळखला. रेघांचा कागद, खाली सह्यांची गर्दी. शोभाताई भिंतीला टेकल्या. मॅडमनी वाचला, कपाळाला आठ्या पडल्या. मग कागद पालटला आणि मागची बाजू वाचायला लागल्या.

"आबा, मी यातलं कुठलं धरू?"

"पाठीमागचं. फुडलं रद्द. सह्या केल्याल्या समद्यांना काल घरोघर जाऊन सांगितलंय. दोघं न्हाई म्हनत्यात. त्यांना आज हितं बोलवलंय, बघाया. बघून बी न्हाई म्हनलं तर त्यांनी आपला येगळा अर्ज करावा."

ते दोघं आले. एक पटावरून आपल्या मुलाचं नाव काढून पलीकडच्या गावातल्या बालवाडीत घालायचं ठरवूनच आला होता आणि, खोटं कशाला सांगू, बघूनही ठरवलं ते बदललं नाही. दुसऱ्याची मुलगी पुलावर 'म'चे नऊ शब्द म्हणत गेली आणि दहावा शब्द म्हणून स्वतःच्या बापाचं नाव घेतलं, महादेव. महादेवने पुढे होऊन तिचा हात स्वतःच धरला.

लहान मुलाला बाकावर जखडणं चूक आहे, हे मी आजही म्हणते आणि म्हणत राहणार. पण ती कडेगावजवळची अंगणवाडी मी वाचवली नाही. मी ती घालवायला निघाले होते. ती टिकली शोभाताईंच्या अकरा वर्षांमुळे आणि काकूंच्या पसरलेल्या पायांमुळे.

मॅडमच्या परवानगीने मी अर्जाची मागची बाजू उतरवून घेतली. फौजी अक्षर, एकही खाडाखोड नाही:

'मी दिलेल्या सहा बाकांचे पाय सहा इंच ठेवून कापण्यास माझी हरकत नाही. सदर बाकांवर मुलांनी चालण्यास माझी हरकत नाही. सेविका सौ. शोभा यांच्या कामास माझी हरकत नाही.'

व्हरांड्यात करवत सुरू झाली. सुताराने पहिला बाक आडवा घातला, फळीवरचा लाल रंग बघितला आणि विचारलं, "आबा, ह्ये नाव रंध्यानं काढून बाजूच्या पट्टीवर लिवू का?"

आबांनी आत बघितलं. मुलं निळ्या साडीच्या नदीत पोटावर सरकत होती.

"बाजूला नवं लिव. वरच्याला रंधा लावू नगंस," ते म्हणाले. "आन ती सतरंजी बी घडी करून ठिवा, शोभाताई. नाव पोरांच्या पायानं जाईल तवा जाईल."